कोरड्या केसांची अट

गाडीला दार नसेल तर माणसाने आत शिरायचं कसं, हा प्रश्न मला गाडी घरी येईपर्यंत एकदाही पडला नाही. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, शेवटी शेवटी उपमुख्याध्यापक होतो, हजारो पोरांवर "आधी प्रश्न नीट वाचा" म्हणून खेकसलो, आणि निवृत्त झाल्यावर स्वतः मात्र एका रंगीत पुस्तिकेतल्या चित्राला भुललो. चित्रात हिरवी, ठेंगणी, लांब नाकाची गाडी होती. आत बसलेल्या माणसाचे केस वाऱ्यावर उडत होते. मला केस फारसे उरलेले नाहीत, हेही तेव्हा लक्षात आलं नाही.

तशी ही गाडी जोडून तयारही मिळते. पण तयार घेणाऱ्याकडे बाकीचे मालक ज्या नजरेने बघतात, ती नजर मी आमच्या शाळेत नक्कल करून पास झालेल्या पोरांसाठी राखून ठेवली होती. खऱ्या माणसाने गाडी खोक्यांतून मागवायची आणि आपल्या गॅरेजमध्ये आपल्या हाताने जोडायची, असा रिवाज आहे. वजन साध्या मोटारीच्या निम्म्याहून कमी. ते कमी व्हावं म्हणून त्यांनी काढता येईल ते सगळं काढून टाकलेलं असतं : दारं, खिडक्या, पक्कं छप्पर, आवाज अडवणारं अस्तर आणि आराम. इतकं सगळं काढल्यावर किंमत कमी होईल असं कोणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं.

आमचं गॅरेज तोवर हिलरीचं होतं. हिलरी म्हणजे माझी बायको. तिथे तिचं कुंभारकामाचं चाक होतं, भट्टी होती, आणि वाकड्या मानेच्या सुरया फळीवर वाळत असायच्या. त्या सुरयांबद्दल मी काही बोलणार नाही, कारण ही कथा तीही वाचणार आहे.

"किती दिवसांसाठी हवंय गॅरेज?" तिने विचारलं.

"उन्हाळ्यापर्यंत."

"कुठल्या उन्हाळ्यापर्यंत?"

हा प्रश्न मला त्या वेळी उगाच खवचट वाटला. शेवटी तिने चाक मागच्या पडवीत धुण्याच्या मशीनशेजारी नेलं आणि माती न्हाणीघरात. तेव्हापासून आमच्या टबमध्ये पाय टाकला की गारा लागायचा. पण हिलरी ही काही फुकट सोडणारी बाई नव्हे. तिने मला समोर बसवलं आणि अट घातली.

"गाडी तयार झाली की मला एका रविवारी विनीकडे जेवायला न्यायचं. वेळेवर. आणि कोरड्या केसांनी. माझा एक जरी केस ओला झाला ना रोलंड, तर गाडी विकायची आणि माझं चाक परत गॅरेजमध्ये. आहे कबूल?"

विनी तिची धाकटी बहीण, आमच्याच नॉरफोक परगण्यात, शेरिंगहॅमला समुद्रावर राहते. तिचा नवरा गॉर्डन. त्याच्या गाडीत बसायच्या जागासुद्धा गरम होतात, आणि हे तो दर भेटीत सांगतो. हिलरीला विनीचा राग येत नाही; विनी तिची कीव करते, त्याचा येतो. हिलरीने माझ्याशी लग्न केलं त्या दिवसापासून विनी मान तिरकी करून "कशी आहेस गं?" असं विचारत आली आहे, बाई इस्पितळात असावी तसं. मी हसत हसत अट कबूल केली. एक दुपार, एक बाई, तिचे केस. त्यात काय!

खोकी आली. पुस्तिकेत लिहिलं होतं की हाताला थोडीफार सवय असलेला माणूस शंभर तासांत गाडी उभी करतो. हा माणूस कुठे राहतो ते कोणी सांगितलं तर मला त्याला भेटायचं आहे. माझे पहिले शंभर तास कुठला स्क्रू कुठल्या पिशवीतला हे बघण्यात गेले. त्यात आमचे शेजारी मिस्टर लार्टर. रोज दहाच्या सुमाराला कुंपणापलीकडे त्यांचा चहाचा मग दिसायचा, मग मगामागोमाग लार्टर.

"मी काही बोलत नाही हं, मास्तर," ते सुरुवात करायचे, आणि पुढचा तासभर बोलायचे. त्यांच्या मेव्हण्याने म्हणे अशीच गाडी जोडली होती. इंजिन बसवलं, रंग दिला, सगळं झालं, आणि मग मेव्हण्याची पाठ गेली. "आता आडवाच असतो बिचारा. पण गाडी छान झाली हो!" असं म्हणून ते चहाचा शेवटचा घोट घ्यायचे आणि माझ्या पाठीकडे बघायचे.

एका दुपारी गाडी पहिल्यांदा स्वतःच्या चाकांवर उभी राहिली. मी हिलरीला बोलावलं, लार्टरना बोलावलं, आत बसलो आणि ऐटीत स्टिअरिंगचं चाक डावीकडे वळवलं. पुढची चाकं उजवीकडे वळली. मी पुन्हा डावीकडे वळवलं. पुन्हा उजवीकडे. हिलरी भांडी घासायला घरात गेली. 

"तो दांडा तुम्ही उलटा बसवलाय, मास्तर," लार्टर म्हणाले. "बसवलात तेव्हाच पाहिला मी. ईस्टरच्या सुमारास."

"आत्ता पानं गळायला लागली! मग तेव्हाच नाही का सांगायचं?"

"मला वाटलं मुद्दाम केलं असेल. एखाद्याला त्याच्या गॅरेजमध्ये जाऊन असं विचारणं बरं दिसतं का?"

एरवी माझ्या चहात साखर किती असावी यावर बोलणारा हा माणूस! पण खरं सांगायचं तर मी त्यांच्या जागी असतो तर मीही विचारलं नसतं. आमच्याकडे इंग्लंडात शेजाऱ्याच्या घराला आग लागली तरी आधी हवापाण्याचं बोलून घेतात. मी सगळं परत खोललं.

पुढच्या उन्हाळ्यात गाडी सरकारी तपासणीला गेली. घरी जोडलेली गाडी तशीच रस्त्यावर आणता येत नाही. तपासनीस ती अंगुळ अंगुळ बघतो. आमच्या तपासनीसाकडे एक गोल चेंडू होता. तो चेंडू गाडीच्या अंगावरून फिरवायचा आणि जिथे जिथे चेंडूला काही टोकेरी लागेल तिथे तिथे नापास, कारण उद्या एखादा पादचारी येऊन त्या टोकावर पडला तर? या गाडीची उंची माझ्या कमरेएवढी. तिच्यावर पडायचं म्हणजे पादचाऱ्याला बराच खटाटोप करावा लागेल, असं मी नम्रपणे म्हणालो. त्याने ते लिहून घेतलं नाही.

चेंडू फिरत राहिला आणि मी नापास होत राहिलो. आरशाची कड, दिव्याचा बोल्ट, नाकाची जाळी. मग तपासनीस पाठीमागे हात बांधून उभा राहिला आणि त्याने अगदी मायेने विचारलं,

"छान प्रयत्न आहे. शाळेतल्या मुलांनी केलीय का?"

मी उपमुख्याध्यापक होतो. मी "हो" म्हणालो.

घरी येऊन सगळ्या कडांना रबराच्या पट्ट्या लावल्या, बोल्टांना टोप्या घातल्या. लार्टर म्हणाले, लहान बाळ रांगायला लागलं की त्यांची सून टेबलाला लावते तशा दिसतात. पुन्हा नेली. या वेळी भोंगा वाजला नाही. गॅरेजमध्ये वाजला होता, वाटेत वाजला होता, परत येतानाही वाजला. फक्त तपासनीसासमोर त्याने तोंड मिटलं. तिसऱ्या खेपेला पास झालो. का झालो ते मला ठाऊक नाही. बहुधा तो माणूस मला बघून कंटाळला असावा.

तर गाडी रस्त्यावर आली, आणि पहिल्याच आठवड्यात मला कळून चुकलं की ही गाडी मला अजिबात आवडत नाही.

हे लिहिण्याआधी मी उठून दार लावून घेतलं. पण नाही आवडत! आत शिरायचं म्हणजे एक पाय उचलून सीटवर उभं राहायचं, गल्लीला दर्शन द्यायचं, मग दोन्ही हातांवर भार टाकून पाय नाकाखालच्या बोगद्यात सोडायचे. बोगदा इतका अरुंद की माझ्या नेहमीच्या बुटांनी एका वेळी ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही दाबले जातात. म्हणून मी हिलरीचे जुने नाचाचे बूट घालून गाडी चालवतो. धुराचं नळकांडं बाहेरून, बरोबर पोटरीच्या उंचीला. उतरताना त्याने माझी पोटरी अशी भाजली की हिलरीने लावायला लोणी शोधलं. रस्त्यावर मालट्रक शेजारी आला की मला फक्त त्याच्या चाकाचे नट दिसतात. आणि पाऊस आला की पाणी आत येतं, पण बाहेर कुठून जातं ते जोडणाऱ्यालाही, म्हणजे मलाही, सापडलेलं नाही. माझी पाठ तर आता लार्टरच्या मेव्हण्याच्या वाटेवर आहे.

पण सांगणार कोणाला? गल्लीने दोन वर्षं माझी हातोडी ऐकली होती. पोस्टासमोर मी गाडीतून बाहेर पडायला लागलो की पेन्शनला आलेली मंडळी रांग मोडून बघायला यायची. पाद्री साहेबांनी चर्चच्या जत्रेत गाडी ठेवायची विनंती केली. लार्टर पाहुण्यांना कुंपणापाशी आणून अभिमानाने दाखवायचे, जणू त्यांनीच जोडली. प्रत्येक जण विचारायचा, "काय मग, कशी पळतेय?" आणि मी प्रत्येकाला म्हणायचो, "अप्रतिम!" आता "चुकलो हो, विकतो" म्हणायचं कुठल्या तोंडाने?

तोंड हिलरीकडे होतं. तिची अट होती ना! तिचे केस भिजले की गाडी जाणार, आणि तीही माझ्या इच्छेविरुद्ध. मी मान खाली घालून, दिलेल्या शब्दाला जागून, जड अंतःकरणाने गाडी विकणार. सगळी गल्ली हळहळणार. माझी अब्रू शाबूत आणि पाठही शाबूत. इतकी सोयीची अट कुठल्याही बायकोने कुठल्याही नवऱ्याला घातली नसेल. मी रोज हवामानाच्या बातम्या ऐकायला लागलो, आणि ऑगस्टमधला एक रविवार निवडला ज्याच्याबद्दल बातम्यांतल्या बाई म्हणाल्या होत्या, "सरी कोसळतील."

"आज नको, आभाळ आलंय," हिलरी म्हणाली. ती आदल्या दिवशी केस सेट करून आली होती.

"छे, छे! जाईल ते. शिवाय छप्पर आहे की."

छप्पर म्हणजे एक ताडपत्री. ती मागे गुंडाळलेली असते. लावायची तर खाली उतरायचं, सांगाडा उभा करायचा, आणि कडेची बटणं एकेक करून लावत जायचं. गारठ्याने ताडपत्री आकसते, त्यामुळे शेवटचं बटण कधीच पोचत नाही. हे सगळं मला माहीत होतं म्हणून मी निर्धास्त होतो.

"डोक्याला रुमाल तरी बांध," मी उदारपणे म्हणालो.

"रुमाल बांधला तर अट कसली?" ती म्हणाली आणि एक पाय उचलून, माझ्यापेक्षा पुष्कळ सफाईने, आत जाऊन बसली.

निम्म्या वाटेवर पहिला थेंब पडला. माझ्या मनात जे झालं ते चर्चला जाणाऱ्या माणसाने सांगू नये. दुसरा पडला, तिसरा पडला, मग सुरूच झाला.

"रोलंड! छप्पर!"

"अगं, थांबायची गरजच नाही! वेगात असलो की पाऊस डोक्यावरून निघून जातो!" मी ओरडलो. ओरडल्याशिवाय या गाडीत काही ऐकू येत नाही. पावसाचं हे मी अशा गाड्यांच्या मालकांच्या मासिकात वाचलं होतं, आणि ते मासिक अशाच थापांनी भरलेलं असतं, म्हणून खुशाल सांगून टाकलं.

तर ते खरं निघालं. समोरच्या काचेवरून वारा असा वर उडत होता की पाऊस आमच्या डोक्यांवरून मागच्या मागे जात होता. डावीकडे उजवीकडे शेतं धुऊन निघत होती आणि मधोमध आम्ही दोघं ठणठणीत कोरडे. दोन वर्षांत या गाडीबद्दल सांगितलेली एकही गोष्ट खरी झाली नव्हती, आणि झाली ती आज! हिलरीने केसांना हात लावून बघितला आणि चक्क हसली.

"हुशार आहेस हं!" ती ओरडली. मला रडू यायचं बाकी होतं.

पण होल्ट गावाच्या अलीकडे देव धावला. वळण घेतलं तर समोर रांग. सगळ्यात पुढे एक मोटार, तिच्यामागे जोडलेलं पांढरं फिरतं घर, सुट्टीवर निघालेलं, आणि त्याच्यामागे मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या डझनभर गाड्या. मी वेग कमी केला. वारा पडला. आणि इतका वेळ डोक्यावरून जाणारा पाऊस सरळ आमच्या डोक्यांवर आला.

"छप्पर लाव ना!"

"रस्ता अरुंद आहे. मध्येच थांबलो तर मागचे अडकतील."

"मग पुढे काढ! एवढी बोंब मारतोस ना, जिल्ह्यात सगळ्यात वेगवान गाडी आहे म्हणून! समोरून कोणी येत नाहीये, काढ!"

खरंच कोणी येत नव्हतं. सरळ, मोकळा रस्ता होता. एकदा पाय दाबला असता तर दोन श्वासांत मी सगळ्यांच्या पुढे आणि हिलरी कोरडी. मी अंगात होता नव्हता तेवढा गंभीरपणा आणून म्हणालो,

"हिलरी, रांग आहे."

ती तोंड उघडून तशीच राहिली. समोरच्या गाडीत एक म्हातारी बाई मांडीवर केकचा डबा धरून बसली होती. आमच्या आधीपासून. तिच्यापुढे तिच्याही आधीपासून असलेले लोक. हिलरीने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हळूच तोंड मिटलं. ती नॉरफोकची बाई. नवऱ्याला सोडेल, रांग मोडणार नाही. तिच्या कपाळावरून पाणी ओघळत होतं, सेट केलेले केस एका बाजूने खाली बसले, मग दुसऱ्या बाजूने. समोरून आमच्यासारखीच एक उघडी गाडी आली. आतले दोघं चिंब भिजलेले. अशा गाडीवाल्यांनी एकमेकांना हात वर करायचा असतो. त्यांनी केला, मीही केला. हिलरीने केला नाही. मी मनातल्या मनात गाडीच्या जाहिरातीचा मजकूर जुळवत होतो.

शेरिंगहॅमला पोचलो तेव्हा भाजलेलं मटण कापून टेबलावर मांडून झालं होतं. विनी दारात आली आणि दोन्ही हात गालांवर घेऊन उभी राहिली.

"अगं बाई गं! काय दशा केली ही तुझी! गॉर्डन, टॉवेल आण! मोठा आण!"

"मी म्हणालो नव्हतो?" गॉर्डन टॉवेल घेऊन आला. "पोरकटपणा आहे सगळा. हे बघ रोलंड, माझ्या ओळखीचा एक जण आहे. असलीच गाडी शोधतोय. उद्या येऊन घेऊन जाईल, शब्द टाकू का?"

उद्या! माझे कान गरम झाले. त्या क्षणी मला गॉर्डन इतका आवडला की मी त्याच्या गरम होणाऱ्या जागांसकट त्याला मिठी मारली असती. मी मान खाली घातली आणि एक सुस्कारा सोडला. फार चांगला जमला होता तो सुस्कारा.

"काय करणार," मी म्हणालो. "दिलेला शब्द आहे. हिलरीचे केस..."

"बिच्चारी माझी हिलरी!" विनी म्हणाली आणि मान तिरकी केली. "किती सोसतेस गं तू. पहिल्यापासूनच."

झालं. मी हिलरीकडे बघितलं. ती ताठ उभी राहिली होती. तिने टॉवेल गॉर्डनच्या हातात परत दिला.

"सोसायचं काय त्यात?" ती म्हणाली. "छप्पर होतं की. आम्ही मुद्दाम नाही लावलं."

"मुद्दाम?" विनी म्हणाली.

"ही गाडी छप्पर लावून चालवत नाहीत, विनी. नवशिके लावतात. वाटेत आमच्यासारखेच दोघं भेटले, तेही उघडेच. हात केला त्यांनी. तुझ्या त्या बंद डब्यात बसून तुला काय कळणार?"

"हिलरी," मी घाईघाईने म्हणालो, "तुला थंडी वाजतेय. आपली अट..."

"कसली अट?" हिलरीने माझ्याकडे असं बघितलं की मी उपमुख्याध्यापक असताना तसं बघायला शिकलो असतो तर शाळा सुधारली असती. "गॉर्डन, तुझ्या माणसाला सांग, गाडी विकायची नाहीये. आणि रोलंड, माझं चाक आहे तिथेच राहू दे. बटाटे वाढ, विनी."

जेवण झालं. ती भिजलेल्या कपड्यांनी हसत होती, गप्पा मारत होती. निघताना गाडीत पाय टाकून अशी सरकन बसली की गॉर्डनसुद्धा "वा!" म्हणाला. गल्लीच्या टोकापर्यंत ती हात हलवत होती. वळण घेतल्यावर हात खाली आला.

"थांबव," ती म्हणाली. मी समुद्राकडच्या कट्ट्याशी गाडी थांबवली. तिने बूट काढून त्यातलं पाणी बाहेर ओतलं.

"इतका भयंकर प्रवास मी जन्मात केला नाही, रोलंड. कंबर गेली, कान गेले. खाली बसायच्या जागेत तळं आहे. घाणेरडी गाडी आहे ही."

माझा बांध फुटला. "मलाही नको झालीय गं! मलाही! पहिल्या आठवड्यापासून नको झालीय!"

"माहितीये मला. तोंड बघितलं की कळतं तुझं."

"मग विकू या ना! आत्ता मागे वळतो, गॉर्डनला सांगतो!"

"वेड लागलंय का तुला?" ती दचकून म्हणाली. "विनीला काय सांगू? मी तिला सांगून बसले, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी याच गाडीने येणार म्हणून. बारा महिने. आणि छप्पर न लावता."

"किती वर्षं?"

"विनी आहे तोवर यावं लागेल."

विनी हिलरीपेक्षा सहा वर्षांनी लहान आहे, आणि रोज सकाळी, डिसेंबरातसुद्धा, समुद्रात पोहायला जाते.